कॉलरच्या वरची पावडर

'स्नो-पावडर' हा शब्द शेवटचा कधी ऐकलात? आजीच्या तोंडी, किंवा रविवारी दुपारी टीव्हीवर लागलेल्या एखाद्या ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमात. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांचा अख्खा मेकअप या दोन शब्दांत मावायचा. स्नो म्हणजे पाटणवालांचा, इथे मुंबईत बनणारा अफगाण स्नो किंवा त्याचा कुणी भाऊबंद. आणि पावडर म्हणजे पावडर. 'स्नो-पावडर करून कुठे निघालात?' या प्रश्नात कौतुक असायचं, टोमणाही असायचा.

हे सगळं आठवायचं कारण असं, की गेले सहा आठवडे मी जे परफ्यूम लावून ऑफिसला जातोय त्याचं नाव आहे 'तँ द नेज'. नाव फ्रेंच, बाटली इटालियन, अर्थ 'बर्फासारखी कांती'. (माझा रंग बघता हा विनोदच आहे. पण २०२०मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातून 'फेअर' गेला, तरी आपल्या डोक्यातून कुठे गेलाय? तेव्हा फ्रेंचांना तरी काय बोलायचं!) आणि वास? पावडरचा. थेट, बिनधास्त, पावडरचा. थोडक्यात काय, तर फ्लॉरेन्सहून आलेली स्नो-पावडर.

परफ्यूमच्या जगात 'नीश' नावाची एक वेगळी गल्ली आहे. एअरपोर्टच्या ड्यूटी फ्रीमध्ये हिरो-हिरॉइनच्या फोटोखाली मांडलेल्या असतात त्या डिझायनर बाटल्या. नीश म्हणजे छोटी घराणी. जाहिराती कमी, दुकानं कमी, किंमत मात्र कमी नाही. लोरेन्झो व्हिलोरेसी हे त्यातलंच एक. या गृहस्थांनी तत्त्वज्ञान शिकून, मध्यपूर्वेत भटकून, तिथले मसाले आणि अत्तरं हुंगून १९९०मध्ये फ्लॉरेन्सला आपलं अत्तराचं घर उघडलं. 'तँ द नेज' आलं २०००मध्ये, आणि २००६मध्ये त्यांना अत्तरकारांना दिला जाणारा फ्रांस्वा कोटी पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे त्याच २०००मध्ये पॅरिसच्या फ्रेडरिक मालनेही आपली पहिली परफ्यूम्स आणली आणि त्यातही 'आयरिस पूद्र' आणि 'लिपस्टिक रोझ' अशी दोन पावडरी प्रकरणं होती. 'पूद्र' म्हणजे पावडरच. म्हणजे आपण इकडे वायटूकेच्या टेन्शनमधून नुकते सुटलो होतो, तेव्हा तिकडे युरोपातले मोठमोठे नाकवाले आजीच्या पफमध्ये नाक खुपसून बसले होते.

माझ्याकडे ही वस्तू आली ती ऑफिसमधल्या एका परफ्यूमवेड्या मित्रामुळे. त्याने पाच मिलीची कुपी भरून दिली. पाच मिली म्हणजे साधारण पन्नास फवारे. पूर्ण बाटली घ्यायची तर आकडा पाच आकडी होतो, त्यामुळे आधी नीट पारख करायची असं ठरवलं. रविवारी घरी बसून मनगट हुंगण्याची पारख नव्हे. रोज लावायचं परफ्यूम रोजच्या आयुष्यातच तपासायला हवं. माझं रोजचं आयुष्य म्हणजे डोंबिवली ते दादर, दादरहून करी रोड, मग लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नऊ तास एसी, आणि परत उलटा प्रवास. महिना मे. शेवटच्या आठवड्यात पहिला पाऊस. यात जे टिकेल ते टिकेल.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो. या परफ्यूमबद्दल बोलताना सगळे 'सॉफ्ट, सॉफ्ट' म्हणतात. मऊ आहेच. पण मऊ म्हणजे हळू नव्हे! लोकलमध्ये एखादे काका असतात ना, आवाज अगदी मखमली, कुणावर ओरडत नाहीत, पण ठाण्याला सुरू केलेला फोन दादरपर्यंत संपवत नाहीत. 'तँ द नेज' त्यातलं आहे. पहिली पाच मिनिटं तर चक्क दणका असतो. गुलाब, जाई आणि महागड्या साबणाचा फेस यांचा. मग फुलं मागे सरतात आणि पावडर खाली बसते. पफने डब्यावर आपटल्यावर हवेत उडते आणि मग सावकाश ड्रेसिंग टेबलच्या काचेवर उतरते, अगदी तशी. आणि एकदा बसली की हलत नाही. सकाळी साडेसातला लावलेला एक फवारा रात्री साडेआठला डोंबिवलीच्या जिन्यावर माझ्याबरोबर उतरतो.

आता खरं म्हणजे पावडरला वास नसतोच. टाल्क हा दगड आहे, मॅग्नेशियमचं सिलिकेट. दळला की गुळगुळीत होतो, बस. ज्याला आपण पावडरचा वास म्हणतो तो तिच्यात नंतर मिसळलेल्या अत्तराचा असतो. गेली शंभरेक वर्षं पावडरवाल्यांनी त्याच त्या जिनसा फिरवून फिरवून वापरल्या, आणि आपल्या मेंदूने गाठ मारून टाकली की असा वास म्हणजे पावडर. आयरिसची मुळं त्यातली सर्वांत मानाची. ती उपटून, सोलून, तीन-तीन वर्षं वाळवत ठेवावी लागतात, तेव्हा कुठे त्यांच्यात वास येतो. फ्लॉरेन्सच्या शहरचिन्हावर जे फूल आहे तेही आयरिसच. 'तँ द नेज'मध्ये मात्र मला जास्त जाणवतो तो हेलिओट्रोप, म्हणजे कच्चा बदाम आणि व्हॅनिला यांच्या मधलं काहीतरी. त्याखाली टोंका बी, तिच्यातला कुमारिन हा वाळलेल्या गवताच्या वासाचा पदार्थ, आणि तळाशी मस्क. मस्क म्हणजे धुऊन वाळवलेल्या सुती कपड्याची ऊब समजा.

आपल्याकडे सुगंध कुटून, दळून, भुकटी करून लावायची सवय जुनीच आहे. दिवाळीचं उटणं घ्या, वाळा-नागरमोथा-कपूरकाचरी घातलेलं. पंढरीचा बुक्का घ्या. त्यामुळे पावडरी वास ही काही आपल्याला फ्लॉरेन्सने शिकवायची गोष्ट नाही. प्रश्न वेगळाच आहे. हा वास आपण ऑफिसात न्यायचा की नाही? माझ्यापुरता तो प्रश्न २०१३पासूनचा आहे.

त्या वर्षी मी पहिल्या नोकरीला लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही. जॉइन झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्हा अठ्ठावीस मुलांना एका हॉलमध्ये बसवून 'ग्रूमिंग'चं सेशन झालं. टाय कसा बांधायचा, मोजे पांढरे का नकोत, सूप कुठल्या दिशेने ढवळायचं. ट्रेनर टापटीप होते, विनोदी होते, आम्ही हसत होतो. मग त्यांनी स्वतःच्या मानेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "इथे, कॉलरच्या वर पावडर दिसली ना, की तुमचं गाव दिसतं." हॉलमध्ये एकदम हशा. आणि हसता हसता निम्म्या मुलांचे हात आपापल्या मानेवर. कुणी रुमालाने पुसतंय, कुणी तळव्याने. माझाही हात गेला. सातारा, लातूर, डोंबिवली, वरणगाव, सगळी गावं दोन मिनिटांत पुसली गेली.

त्या दिवसापासून मी डिओवर आलो. घरात पावडरचा डबा एकट्या बाबांचा उरला.

बाबांची पावडर हा स्वतंत्र विषय आहे. चौतीस वर्षं ते फोर्टच्या एका ऑफिसात क्लार्क होते. रोज सकाळी आंघोळ, देवाला नमस्कार, मग उघड्या अंगाने आरशासमोर उभं राहायचं. डबा डाव्या हातात. उजव्या तळव्यावर थोडी पावडर घ्यायची, दोन्ही तळवे चोळायचे, काखेत, छातीवर, आणि सर्वांत शेवटी मानेवर मागून पुढे. त्यावर बनियन, त्यावर शर्ट. उन्हाळ्यात नायसिल, एरवी पॉन्ड्स किंवा सिंथॉल, जे स्कीममध्ये असेल ते. शर्टाच्या कॉलरवर एक पांढरी रेघ कायम. आई म्हणायची, "अहो, जरा झटका की ती." ते झटकायचे आणि रेघ तिथेच राहायची.

मी डिओ आणला तेव्हा त्यांनी बाटली उलटसुलट करून बघितली. "यानं घाम जातो?"

"नाही बाबा, घामाचा वास जातो."

"आणि घामाचं काय करायचं?"

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. पावडर घाम टिपते, डिओ त्यावर पांघरूण घालतो. तांत्रिकदृष्ट्या बाबांचा पॉइंट सॉलिड होता.

या मे महिन्यात, परफ्यूमची ही पारख चालू असताना, मी त्यांना सहज विचारलं, की मानेलाच एवढी पावडर का लावायचात? दिसायची ना ती. ते म्हणाले, "दिसायलाच हवी. साहेबांच्या टेबलावर फाइल ठेवताना वाकावं लागतं. वाकलं की साहेबाला आपली मान दिसते. मळकी नको दिसायला." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. मी बराच वेळ त्यांच्या मानेकडे बघत बसलो. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली. आता कुणापुढे वाकायचं नाही. पावडर आहेच.

तर पारख. पहिल्या आठवड्यात मुद्दाम तीन फवारे मारून गेलो, म्हणजे वस्तूची ताकद कळेल. दुसऱ्या आठवड्यात दोन. नंतर एकच, आणि तोही कातडीवर नाही, बनियनवर, छातीच्या मध्यभागी. शर्टाच्या आत. रोजच्या रोज वहीत नोंद. शेजारच्या डेस्कवरच्या सहकारी मुलीला मायग्रेन आहे; तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की डोकं दुखायला लागलं तर लगेच बोल, मी बाथरूममध्ये जाऊन धुऊन येईन. ती म्हणाली, "सोमवारी सांगते." सोमवारी अकरा वाजता तिने हात वर केला. तीन फवारे बाद! दोनला ती बुधवारपर्यंत टिकली. एकाला मात्र तिने पूर्ण आठवडा तक्रार केली नाही. शुक्रवारी विचारलं तर म्हणाली, "आज लावलंयस?" माझ्या मते कुठल्याही ऑफिस परफ्यूमला याहून चांगलं सर्टिफिकेट नाही.

बाकीच्यांच्या प्रतिक्रिया मात्र भन्नाट. पँट्रीतल्या मावशींनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "बाळ झालं का घरी?" दिल्लीकर टीम लीडला आपली नानी आठवली, आणि तो चक्क पाच मिनिटं नानीबद्दल बोलला, एरवी हा माणूस एक्सेल शीटबाहेर बोलत नाही. चेन्नईच्या सहकाऱ्याला लग्नघर आठवलं. अमेरिकेत वाढलेली एक मुलगी महिनाभरासाठी इथे आली होती. ती नाक मुरडून म्हणाली की हा म्हाताऱ्या बायकांच्या बाथरूमचा वास आहे. आणि एक जण, जो रोज 'स्पोर्ट' नावाचं काहीतरी अर्धी बाटली ओतून येतो, तो म्हणाला, "जरा बायकी नाही वाटत?"

याला मात्र मी सोडलं नाही. ज्या ओल्ड स्पाइसवर आपल्या बापजाद्यांनी दाढ्या केल्या, ते ओल्ड स्पाइस १९३७मध्ये आधी बायकांसाठी बाजारात आलं. पुरुषांसाठीचं आलं पुढच्या वर्षी. आणि तेही मुळात गोड, मसालेदार, पावडरीच आहे, हुंगून बघा. मघाशी म्हटलं तो कुमारिन १८६८मध्ये पर्किनने प्रयोगशाळेत बनवला, आणि १८८२मध्ये 'फुजेर रॉयाल' नावाच्या अत्तरात वापरला गेला. जगभरच्या सलूनांत दाढीनंतर जो वास दरवळतो त्याचा खापरपणजोबा हाच. आमच्या डोंबिवलीच्या सलूनवाले काका केस कापून झाल्यावर मऊ ब्रशने मानेवर जी पावडर फिरवतात, ती काय बायकी असते? तिथे डोळे मिटून कोण बसतं? पुरुषच ना? तो म्हणाला, "सलूनची गोष्ट वेगळी." काय वेगळी ते त्यालाही सांगता आलं नाही.

प्रवासाचं सांगायला हवं, कारण 'रोज' या शब्दात आपल्याकडे प्रवास आलाच. साध्या लोकलमध्ये दारापाशी उभं राहिलात तर कुठलंच परफ्यूम तुमचं राहत नाही, ते वाऱ्याचं होतं. एसी लोकलमध्ये उलट. दारं बंद, तीच हवा फिरते, आणि तुमचा फवारा अख्ख्या डब्याचा होतो. सकाळी ठीक. सगळे आंघोळ करून आलेले असतात, साबण, खोबरेल, गजरा, उदबत्ती यांच्यात माझी पावडर मुकाट मिसळते. मला तर वाटतं त्या डब्यात तिच्याइतकं घरचं दुसरं काही नव्हतंच. पण मेच्या संध्याकाळी सहा अठ्ठावन्नला, घामावर, हा वास गोड होऊन चिकटतो. पहिल्या पावसात तर तो मला अजिबात आवडला नाही. ओल्या टॉवेलवर पावडर सांडल्यासारखा. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये याला कपाटात ठेवणं बरं. ऑफिसचा एसी ही याची खरी जागा. बावीस डिग्रीत तो शहाण्यासारखा वागतो.

एका सकाळी डाव्या हातावर साधी पावडर आणि उजव्यावर 'तँ द नेज' असंही करून पाहिलं. आईचा सवाल होता ना, की मग साधी पावडरच का नाही लावत? पावडरचा वास ठाणं यायच्या आत संपला. हात मात्र कोरडा, गुळगुळीत राहिला. उजव्या हाताचा वास दिवसभर राहिला आणि घामाने हात तसाच चिकट. आता सांगा, कोण जिंकलं? किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात जन्मभराची पावडर आली असती." हिशेब करून पाहिला. जन्मभराची नाही, पण बाबांच्या वेगाने वापरली तर पंधरा-एक वर्षांची नक्की आली असती.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. पहिल्या तासाभरानंतर मला स्वतःला हा वास यायचाच बंद होतो. आधी वाटलं परफ्यूम उडालं. पण मावशी, टीम लीड, मायग्रेनवाली, सगळ्यांना तो तीन वाजताही येत होता. नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं थांबवतं, हे एक. दुसरं म्हणजे मस्कच्या रेणूंची भानगड. ते जड असतात, आणि कित्येक लोकांना त्यातले काही मस्क येतच नाहीत. बाकी नाक ठणठणीत, पण तेवढी एक खिडकी बंद. त्यामुळे 'मला येत नाही' म्हणून दुपारी पुन्हा फुसफुस करणारे लोक लिफ्टमध्ये का नकोसे होतात, ते आता कळलंच असेल. रोजच्या परफ्यूमची पारख आपल्या नाकाने अर्धीच होते. उरलेली अर्धी दुसऱ्याला विचारून.

म्हणून बाबांनाही विचारलं. त्यांच्या बाबतीत मात्र विचारणं सोपं नव्हतं. एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, त्यांना कोरोना झाला. ऑक्सिजनपर्यंत वेळ आली नाही, पण वास गेला. पूर्ण गेला. दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारच्या खोलीत त्यांना पत्ता नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९मध्ये मांडलेली पद्धत आहे ती. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, चार वास दिवसातून दोनदा, लक्ष देऊन हुंगायचे, महिनोन्महिने. आमच्या ओट्यावर चार छोट्या बाटल्या मांडलेल्या असायच्या. बाबांनी तो व्यायाम ऑफिसच्या मस्टरसारखा नेमाने केला. चार महिन्यांनी लवंग आली. मग लिंबू. गुलाब अजूनही अर्धामुर्धा. आणि या सगळ्या काळात रोज सकाळी तळव्यावर पावडर, काख, छाती, मान. वास येत नसताना. लावून झाली की आईला विचारायचे, "येतोय ना?" आई कणीक मळता मळता म्हणायची, "येतोय."

कागदाची पट्टी करून त्यावर 'तँ द नेज' मारलं आणि त्यांना दिलं. त्यांनी व्यायामात शिकल्याप्रमाणे डोळे मिटून, छोटे छोटे श्वास घेत हुंगलं. "काही नाही." दहा मिनिटांनी पुन्हा दिलं. बराच वेळ पट्टी नाकाशी. मग म्हणाले, "बदाम. भिजवून सोललेला असतो तसा." मी म्हटलं, "आणि?" ते म्हणाले, "आणि पुढे भिंत."

म्हणजे हेलिओट्रोप आला आणि मस्क नाही. मला सकाळच्या पहिल्या तासानंतर जिथे भिंत लागते, त्यांना तिथेच लागली. एकाच पट्टीवर आईला पूर्ण पावडरचा डबा येत होता, त्यांना एक बदाम, आणि माझं नाक तर दिवसभराच्या लावण्याने बधिरच झालेलं. आम्ही तिघं डायनिंग टेबलाशी एका कागदाच्या कपट्यावर वाद घालत बसलो होतो. शेवटी आई म्हणाली, "तुमचा डबाच आहे हा, वासाला." बाबांनी पट्टी परत नाकाशी नेली. "माझा?" म्हणाले. मग ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, बसच्या तिकिटासारखी.

निकाल विचाराल तर, बाटली घेणार आहे. पन्नास मिलीची, दिवाळीच्या बोनसनंतर. ज्यांना ऑफिसात स्वच्छ, शांत, नुकतीच आंघोळ करून आल्यासारखं वाटायला हवंय आणि ज्यांची बसायची जागा एसीत आहे, त्यांनी जरूर लावून बघावं. मुलगा असो की मुलगी. एकच फवारा, कपड्याच्या आत. फील्डवर्क करणाऱ्यांनी, बाइकवरून उन्हात फिरणाऱ्यांनी नको. ज्यांना 'वॉव, कोणतं लावलंयस?' असं ऐकायला आवडतं त्यांनीही नको, कारण लोक याचं नाव विचारत नाहीत, ते आपल्या नानीबद्दल बोलायला लागतात. रोज म्हणजे आठवड्याचे पाच दिवस लावणार का? नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज, एरवी दोन-तीन दिवस, पावसात सुट्टी. आणि घाम टिपायला खाली साधी पावडर लागणारच. ती आता मी बाबांच्याच डब्यातली घेतो. मानेलाही लावतो.

कुपीत अजून पाचेक फवारे उरलेत. त्यातला एक येत्या शुक्रवारच्या क्लायंट मीटिंगसाठी राखून ठेवलाय. मायग्रेनवाली त्या दिवशी रजेवर आहे, हे कॅलेंडरमध्ये बघून घेतलंय.